अमेरिकेत एमएस करताना मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या सेवा उपक्रमात भाग घ्यावा का? रेझ्युमेला त्याचा उपयोग होतो का?

रेझ्युमेला एक ओळ मिळते. नोकरी देणारा ती वाचत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर संपलं.

पहिल्याला जरा वेळ लागेल, कारण याच दिवसावरून माझं एका माणसाशी जे वाजलं ते आजतागायत मिटलेलं नाही.

मी नागपूरची. १४ एप्रिलला आमच्या घरात ठरलेलं भांडण असायचं. मोठा भाऊ डीजेच्या बाजूचा, बाबा सलग १८ तास अभ्यासाच्या बाजूचे. 'जयंती नाचून नको, वाचून साजरी करा' हे ऐकतच मी मोठी झाले. त्यामुळे इथे दक्षिणेकडच्या एका राज्यात शिकायला आल्यावर पहिल्याच जानेवारीत विद्यापीठाचा मेल आला, की तिसऱ्या सोमवारी, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या किंग यांच्या दिनाला, वर्ग नाहीत, सकाळी सेवा आणि दुपारी व्याख्यानं, तेव्हा मला त्यात परकं काही वाटलंच नाही. फक्त निळे झेंडे नव्हते आणि डीजेही नव्हता. (भाऊ म्हणाला, मग काय मजा.)

आमच्या अपार्टमेंटमध्ये मराठी मुलामुलींचा घोळका होता. त्यातल्या एका सीनियरला सगळे दादा म्हणायचे, मीही म्हणायचे. एअरपोर्टवरून आणणं, पहिल्या महिन्याचा किराणा, सगळं तोच बघायचा, हे कबूल करायला हवं. त्याने आम्हा सगळ्यांची नावं परस्पर नोंदवून टाकली. टी-शर्ट फुकट, नाश्ता फुकट, फोटो झकास, असं त्याचं गणित होतं.

बसने आम्हाला गावाबाहेरच्या एका जुन्या दफनभूमीत नेलं. गुलामगिरीच्या काळापासून कृष्णवर्णीय लोकांना तिथे पुरत आलेले. नावं कोरलेले दगड मोजकेच होते. बाकी ठिकाणी शेतातला एखादा ओबडधोबड दगड उभा रोवलेला, किंवा नुसती जमीन खचलेली, आणि सगळ्यावर आयव्हीच्या वेलींचं रान माजलेलं. आमचं काम वेली कापायचं, पाला ओढायचा आणि लांबट खळगा दिसला की तिथे लाल झेंडी टोचायची, कारण तिथे बहुधा माणूस पुरलेला असतो. माझ्या वाट्याच्या पट्ट्यात झेंड्यांची अख्खी रांगच झाली. त्यातल्या काही झेंड्या इतक्या छोट्या खळग्यांवर होत्या, की ती लेकरं असणार हे कोणी सांगायची गरज पडली नाही.

दादा फावड्यासोबत फोटो काढून झाल्यावर म्हणाला, "यांच्या घरचे लोक का नाही साफ करत हे?" बोलला इंग्रजीत, आणि चांगला मोठ्याने. तिथल्या चर्चच्या एक आजी खुर्ची टाकून देखरेख करत होत्या. त्यांनी ऐकलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की घरचे लोक पूर्वी पायी चालत येतील इतक्या अंतरावर राहायचे, आता त्या वस्तीच्या जागी विद्यापीठाचं पार्किंग आहे. त्यांच्या भावाने त्याच विद्यापीठात जन्मभर फरशा पुसल्या. तो ऐन शिकायच्या वयाचा होता तेव्हा तिथे त्याला कृष्णवर्णीय म्हणून प्रवेश मिळालाच नसता.

दादा "ओह, सॉरी" म्हणाला आणि दुसरीकडे वेली कापायला गेला.

दुपारी पिझ्झा खाऊन आमचा अख्खा घोळका घरी परतला. व्याख्यानाला मी एकटी थांबले. वक्त्या होत्या इतिहासाच्या प्राध्यापिका, आणि विषय होता १९६८ चं मेम्फिस शहर. १ फेब्रुवारीला पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन सफाई कामगार आतल्या यंत्रात चिरडून मेले. मग सुमारे १३०० कामगार संपावर गेले, छातीवर 'मी माणूस आहे' असे फलक लावून. मार्टिन ल्यूथर किंग त्या संपाला पाठिंबा द्यायला गेले होते आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांना गोळी घातली. किंग दिनाच्या सुट्टीचं विधेयक त्यानंतर चारच दिवसांनी मांडलं गेलं, पण त्यावर सही व्हायला १९८३ उजाडलं आणि पहिली सुट्टी मिळाली १९८६ साली. 'सेवेचा दिवस' ही पाटी तर १९९४ च्या कायद्याने लागली. सुट्टी म्हणून घरी लोळू नका, लोकांसाठी काहीतरी करा, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण किंग मेम्फिसला कचरा उचलायला गेले नव्हते, कचरा उचलणाऱ्यांच्या संपाला गेले होते. सकाळचा टी-शर्टवाला कार्यक्रम हे कुठेच सांगत नाही.

संध्याकाळी खिचडी खाताना मी हे सांगायला गेले आणि दादा भडकला. "सेवा केलीस ना, पुरे झालं. राजकारण कशाला? आपण कोणाला गुलाम ठेवलं नव्हतं. आपण मेरिटवर आलोय." आणि मग ते वाक्य आलं: "तुम्हा लोकांना जिथेतिथे तेच दिसतं." माझं आडनाव त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते त्याने किती जपून ठेवलं होतं हे त्या दिवशी कळलं.

मी विचारलं, दादा, तुझे मामा न्यू जर्सीत कधी आले? १९७२ साली. त्याच्या आधी का नाही आले? १९४६ च्या कायद्याने अख्ख्या भारताला स्थायिक होण्यासाठी वर्षाला १०० जागा होत्या, म्हणून. देशावरून ठरणारा तो कोटा काढून टाकणारा कायदा १९६५ साली ऑक्टोबरमध्ये झाला. कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्काचा कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेला, तीच संसद, तेच राष्ट्राध्यक्ष जॉन्सन. कायद्यात वंशावरून माणसं निवडणं लाजिरवाणं ठरवलं ते रस्त्यावर मार खाल्लेल्या लोकांनी. मामांनी मेरिट दाखवलं ते त्यांनी उघडलेल्या दारातून आत आल्यावर.

त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. "बरं, झोपा आता" म्हणाला.

मी झोपले नाही, बाबांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, बाबासाहेबांनी १९४६ सालीच ड्यू बॉइस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून विचारलं होतं, तिकडच्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे कैफियत मांडलीय असं वाचलं, त्याच्या प्रती मिळतील का, आणि तिकडून उत्तरही आलं होतं. किंग स्वतः १९५९ साली भारतात महिनाभर होते. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतून आलेले आपले अस्पृश्य बांधव' अशी करून दिली. आधी त्यांना धक्काच बसला, थोडा रागही आला. मग आपल्या लोकांची अवस्था डोळ्यासमोर आणून ते मनाशी म्हणाले, हो, मी अस्पृश्यच आहे. १९६५ साली अटलांटातल्या आपल्या चर्चमध्ये त्यांनीच हे सांगितलं. तेव्हा 'तुम्हा लोकांना तेच दिसतं' हे खरंच आहे. किंगनाही दिसलं.

तर भाग घ्या. पण सकाळी फावडं आणि दुपारी झोप असं करू नका. एकच जमणार असेल तर व्याख्यानाला जा. माझं हे मत अनेकांना पटत नाही, त्यांच्या मते शंभर भाषणांपेक्षा एक फूड बँक, म्हणजे गरजूंना फुकट अन्नधान्य वाटणारं केंद्र, बरी. फूड बँकेला हात हवेच असतात, नाही म्हणत नाही. आणि व्याख्यानंही सगळी चांगली नसतात, काही ठिकाणी नुसता कुलगुरूंचा नाश्ता आणि गुळगुळीत भाषण असतं, तिथे खुशाल बाहेर पडा. दफनभूमीचं काम असेल तर जुने बूट आणि जाड हातमोजे न्या, आयव्हीसारखी दिसणारी एक वेल अंगाला भयंकर खाज आणते. बिनपगारी सेवेला विद्यार्थी व्हिसाची सहसा आडकाठी नसते, तरी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात एकदा विचारून घ्या. आणि ज्यांची नावं परस्पर नोंदवली जातात त्या घोळक्यातून जाऊ नका, स्वतः नोंदवा.

दादा आता सिएटलला मॅनेजर आहे. २०२३ साली त्या शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, तेव्हा आमच्या जुन्या ग्रुपवर विरोधाची याचिका सगळ्यात आधी त्याने टाकली. अमेरिकेत जात कुठे आहे, असं वर लिहिलं होतं. दर जानेवारीत तो फावड्याचा फोटोही टाकतो, किंगच्या एखाद्या वाक्यासकट. हे उत्तर कोणी त्याला पाठवलं तर माझी हरकत नाही.