घरात चार नाड्या, अन् काळजी भलत्याचीच

या महिन्यात पत्रं बरीच आली पण एकाच पत्रानं जवळपास सगळी जागा खाल्ली, कारण त्यात एका घरातल्या चार माणसांच्या नाड्या आहेत आणि पोरानं काळजी नेमकी चुकीच्या माणसाची केलीय. पत्र त्याच्याच बोलीत ठेवलंय, हात लावला नाही.

प्रश्न: डॉक्टरसाहेब नमस्कार जी. मी 20 वर्साचा हाय, दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहतो, पोलीस भरतीची तयारी चालू हाय, दीड वर्सापासून रोज सकाळी 5 वाजता रोडवर पळतो. कोरोनात घेतलेलं ते बोटाचं मशीन कपाटात पडून होतं, त्यात नवीन सेल टाकले अन् लावून पाह्यलं तं नाडी 52 दाखवली. मंग सगळ्यायले लावलं. बाबा आत्ताच वावरातून आले होते त्यायची 96. मायची 104, ती म्हणते मले काही होत नाही. आजीची 44, तिले बीपीची गोळी चालू हाय, उठलं की कधी कधी चक्कर येते पण तिचं वय झालं. शेजारचे एक काका म्हणते 60 च्या खाली गेली म्हणजे दिल कमजोर, मेडिकलमध्ये काढून टाकते. माह्या दोस्ताची 66 हाय तरी 1600 मीटर तो माह्याहून 15 सेकंद आधी मारते. तं माह्या दिलात काही खराबी हाय का, अन् 60 च्या वर आणाले काय खा लागते?

उत्तर: अरे राजा, वर आणायला काही खा लागत नाही. पळणं सोड, दोन-तीन महिने खाटेवर पड, नाडी आपोआप 65 च्या पुढं जाईल. पण तसं करू नको.

मोठ्या माणसाची शांत बसल्यावरची नाडी मिनिटाला 60 ते 100 हे पुस्तकातलं बरोबरच आहे, काकांनी तेवढंच ऐकलं आणि पुढचं सोडून दिलं. पुढचं असं, की बंडीत, म्हणजे बैलगाडीत, कापूस भरून जिनिंगवर न्यायचाय असं समज. बसल्याजागी शरीराला मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फिरवून लागतं, म्हणजे माल किती न्यायचा ते ठरलेलं आहे. साध्या माणसाचं हृदय एका ठोक्याला 70 मिलीच्या आसपास ढकलतं, त्याला 72 खेपा पडतात. तू दीड वर्ष पळून पळून बंडी मोठी केली, आता समज एका खेपेत 95 मिली जातंय, तं 52 खेपांतच काम आटोपतं. दुसरी गोष्ट म्हणजे हृदयात ठोके सोडणारी जी गाठ असते तिला मोकळं सोडलं तर ती मिनिटाला 100 च्या आसपास ठोके देते, मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस तिचा कासरा ओढून धरते म्हणून आपली नाडी 70-75 वर राहते, पळणाऱ्याचा कासरा जरा जास्त ताणलेला असतो इतकंच. स्पेनचा सायकलवाला मिगेल इंदुराईन, 1991 पासून 1995 पर्यंत सलग पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकला, त्याची नाडी 28 होती असं सांगतात. तू तर 52 वरच घाबरला. भरतीच्या मेडिकल तपासणीत कोणी विचारलंच तर दीड वर्षापासून रोज पळतो हे सांग, पळणाऱ्याची नाडी डॉक्टरला ओळखता येते.

आता दोस्ताचं. बंडी मोठी असणं आणि बंडी जोरात हाकलणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बाप्पा. 1600 मीटरमध्ये पायाची ताकद, पळायची पद्धत, पहिल्या 400 मध्ये किती जोर लावला, हे सगळं येतं, आणि नाडी थोडीफार घराण्यातूनही येते, काहींची किती पळले तरी 65 च्या खाली जात नाही अन् ते मस्त पळतात. म्हणून त्याच्या 66 शी तुझी 52 लावून काही हाती येत नाही, तुझी आजची नाडी तुझ्याच मागच्या महिन्याच्या नाडीशी लाव. सकाळी जाग आली की उठायच्या आधी, चहाच्या आधी, मोबाईल बघायच्या आधी मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला दोन-तीन बोटं ठेव (अंगठा ठेवू नको, त्याची स्वतःची नाडी मध्येच लागते), पूर्ण एक मिनिट मोज आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही. आमच्या लहानपणी गावातले वैद्यबुवा अशीच तीन बोटं ठेवून डोळे मिटून बसायचे, आम्हा पोरांना वाटायचं यांना झोप लागली. तर आठ-पंधरा दिवसात तुझा नेहमीचा आकडा कळेल. मग एखाद्या सकाळी तो 8-10 नं वर दिसला आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला, तर झोप कमी पडलीय, ताप यायचाय नाही तर पळणं अति झालंय. त्या दिवशी जोरात पळू नको, नुसतं चाल.

आणि फिटनेस खरंच बघायचा असेल तर बसल्यावरच्या नाडीपेक्षा पळून थांबल्यावरची बघ. जोरात पळून थांबला की लगेच मोज, मग एक मिनिट थांबून परत. पहिल्या मिनिटात 12 नं सुद्धा उतरली नाही तर आम्ही डॉक्टर लोक कान टवकारतो, तुझ्यासारख्या पोराची 25-30 नं तर सहज उतरायला पाहिजे. दोन महिन्यांनी त्याच पळण्यानंतर आणखी लवकर उतरायला लागली की समज तयारी बरोबर चाललीय.

52 ला घाबरू नको म्हटलं, पण पळता पळता चक्कर आली, शुद्ध गेली, छातीत दुखलं किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ईसीजी काढल्याशिवाय पळू नको, तेव्हा नाडी 52 असो का 72. अन् मैदानाजवळ कोणी ताकदीची गोळी नाही तर इंजेक्शन देतो म्हणाला तर तिथून पळ, तिथं मात्र दोस्ताच्या आधी पळ.

तुझं झालं. आता तुझ्या आईचं बोलू, कारण पत्र वाचताना मी तिथंच थांबलो होतो. घरातला सगळ्यात जास्त आकडा तिचा आणि पत्रात तिला एकच ओळ, त्यातही तीच म्हणतेय मला काही होत नाही. आपल्याकडच्या बाया असंच म्हणतात, दवाखान्यात नवऱ्याला घेऊन येतात, सासूला घेऊन येतात, स्वतः बाकड्यावर बसून राहतात. शांत बसलेल्या बाईची नाडी 104 येते तेव्हा मशीन चुकलं असेल, ती नुकतीच चुलीजवळून उठली असेल, पाणी कमी प्यायली असेल, अंगात ताप असेल (एक डिग्री सेल्सिअस ताप चढला की नाडी 10 च्या आसपास वाढते), थायरॉइड असू शकतो. पण माझ्या टेबलासमोर अशा दहा बाया बसल्या तर त्यातल्या बऱ्याच जणींचं रक्त कमी निघतं, म्हणून मी आधी तेच बघतो. परत ती बंडी घे. आईची बंडी आहे तेवढीच आहे पण कापूस अर्धाच भरलाय, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन, ज्याच्यावर ऑक्सिजन लादला जातो, तेच कमी आहे. माल तर तेवढाच पोचवायचाय, मग खेपा वाढतात. तुझं हृदय आरामात 52 वर चालतंय आणि तिचं बसल्याजागी पळतंय, भरतीशिवायच.

तिला विचार, विहिरीवरून पाण्याचा गुंड आणताना दम लागतो का, पाय ओढतात का, पाळी जास्त जाते का. खालची पापणी ओढून बघ, पांढरट दिसते का. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा, बोटाच्या रक्तावर हिमोग्लोबिन करतात, बाईचं 12 च्या वर पाहिजे, 8 च्या खाली असेल तर ते जास्तच कमी आहे, त्याच दिवशी डॉक्टरला दाखव. सिकलसेलची (आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची) तपासणी घरात कोणाचीच झाली नसेल तर तीही करून घ्या, आपल्या विदर्भात तो आजार बऱ्यापैकी आहे. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहासोबत घेऊ देऊ नको, चहानं लोह अंगी लागत नाही, वरून लिंबूपाणी घेतलं तर चांगलं. गोळीनं शौचाला काळं होतं, त्याला भिऊन अर्ध्या बाया गोळ्या डब्यात टाकून देतात, हे तिला आधीच सांगून ठेव.

आजीचं 44 तुझ्या 52 च्या जवळचं दिसतं पण दोन्हीत काही नातं नाही, आजी काही रोडवर पळत नाही. आधी तिच्या बीपीच्या गोळीचं नाव वाच. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा नावाची असेल तर ती गोळी नाडी खाली आणतेच, कधी कधी गरजेपेक्षा जास्त आणते. पण म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका, अचानक बंद केली तर उलटतं. नाव तसं नसेल तर हृदयातली ठोका पोचवणारी तारच मध्ये मध्ये अडत असेल, म्हातारपणी होतं असं, त्याला पेसमेकर, म्हणजे ठोके द्यायचं छोटं यंत्र, बसवतात आणि माणूस परत अंगणात फिरायला लागतो. नाडी 44 आणि सोबत चक्कर, हे मिळून आलं की वय झालं म्हणून सोडायचं नसतं. याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढा, आणि बेशुद्ध पडली तर आठवड्याची वाट न बघता 108 लावा. जाण्याआधी एकदा हातानं पूर्ण मिनिट मोज, कारण बोट गार असलं किंवा नखाला मेंदी असली की ते मशीन काहीबाही दाखवतं.

बाबांच्या 96 वर मी आज काहीच बोलणार नाही कारण मोजायची वेळच चुकली. मे महिन्यात 44-45 चा पारा, वावरातून आल्याबरोबर, आणि मी पैजेवर सांगतो, तोंडात खर्रा. उन्हात रक्त कातडीकडं धावतं, घामानं पाणी जातं, नाडी वाढते. तंबाखूनं वाढते ती वेगळीच. उद्या सकाळी खर्रा खायच्या आधी मोज, 75-80 आली तर ठीक. तेव्हाही 90 च्या वर आली तर बीपी आणि साखर बघा, रोजच अशी वर राहणं चांगलं नाही. दिवसभर राबूनही नाडी का जास्त असा प्रश्न त्यांना पडेल. वावरातलं काम कष्टाचं खरं, पण वाकणं, उचलणं, थांबणं असं तुटक तुटक असतं, बंडी मोठी व्हायला अर्धा तास न थांबता दम लागेल असं चालावं लागतं. हे मी सांगतोय खरा, पण माझी स्वतःची नाडी 82 आहे, दिवसभर खुर्चीत बसून पोट पुढं आलंय.

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, वर्धा जिल्हा. मुलानं घड्याळ दिलं, ते रात्री नाडी 49 दाखवतं, दिवसा 70. भीतीनं झोप लागत नाही.

उत्तर: ताई, गाढ झोपेत नाडी उतरतेच, दिवसा 70 असणाऱ्याची रात्री 50 च्या आसपास जाणं चालतं. दिवसा चक्कर, थकवा नसेल तर घड्याळ रात्री काढून ठेवा.

प्रश्न: सगळ्यांची नाडी सांगता, आमच्या बैलाची किती असते तेही सांगा. (एक शेतकरी, वरुड)

उत्तर: गंमत केली असेल पण उत्तर आहे. मोठ्या बैलाची साधारण 50 ते 80, म्हणजे माणसासारखीच. शेपटीच्या बुडाशी खालच्या बाजूनं बोटं ठेवली की लागते, गुरांचे डॉक्टर तिथंच बघतात. मोजायची हौस असेल तर बाजूनं उभे राहा, मागं नको.