धातू ‘पचवणारी’ झाडं?

प्रश्न आला आहे: निकेल, जस्त अशा धातूंनी भरलेल्या जमिनीत वाढून ते धातू पानांत साठवणाऱ्या ‘हायपरॲक्युम्युलेटर’ वनस्पतींना ‘धातू पचवणाऱ्या वनस्पती’ म्हणावं का?

मी म्हणणार नाही. पचणं म्हणजे खाल्लेलं मोडून त्याचं दुसरं काही होणं. निकेल हे मूलद्रव्य. वनस्पतीला ते मोडता येत नाही. ती त्याला सिट्रिक आम्लासारख्या रेणूंशी बांधते आणि बरंचसं पानाच्या अपित्वचेतल्या (सर्वांत बाहेरच्या थरातल्या) पेशींच्या रिक्तिकांत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशव्यांत नेऊन कोंडते, म्हणजे अन्न तयार करणाऱ्या पेशींना त्याची झळ कमी लागते. शंकराने हलाहल पचवलं असं आपण सहज बोलून जातो, पण कथेत ते कंठातच धरलेलं आहे, म्हणून तर तो नीलकंठ. पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या ‘पिक्नँड्रा अक्युमिनाटा’ या झाडाचा चीक खरोखरच निळसर हिरवा असतो, आणि तो सुकवला तर त्यात सुमारे २५ टक्के निकेल भरतं! ‘हायपरॲक्युम्युलेटर’ हा शब्दही १९७६ साली याच झाडावरच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात आला.

मग दुसरा कोणता शब्द? ‘धातुसहिष्णू’ (धातू सहन करणारी) चुकीचा नाही, पण फार मोघम आहे. वेल्समधल्या जुन्या खाणींच्या मातीवर तगणारं ‘ॲग्रॉस्टिस’ गवतही सहिष्णूच; ते मात्र धातू बराचसा मुळांतच अडवतं, पानांपर्यंत फारसा पोचू देत नाही. अशांना ‘धातुरोधी’ म्हणावं.

उरला ‘संचय’. तो इथे चपखल बसतो. अडचण ‘हायपर’ची आहे. ‘अतिसंचयी’ पटकन सुचतं, पण मराठीत ‘अति’ला दोषाचा वास येतो: अतिवृष्टी, अतिरेक, ‘अति तेथे माती’. वाळलेल्या पानांच्या १ किलोत १ ग्रॅमहून जास्त निकेल असेल तर वनस्पती या गटात धरतात. इतर बहुतेक झाडं याच्या कितीतरी कमी प्रमाणात पिवळी पडतात, ही मात्र हिरवीगार असते. तिच्या दृष्टीने त्यात अति काहीच नाही. म्हणून मला ‘धातु-महासंचयी’ किंवा संदर्भ स्पष्ट असेल तिथे नुसतं ‘महासंचयी’ जास्त पटतं.

लिहिताना एक सांभाळा: सुटा शब्द ‘धातू’ दीर्घ, पण समासात आधी आला की ऱ्हस्व, ‘धातुरोधी’. तसंच ‘सहिष्णू’ दीर्घ, ‘सहिष्णुता’ ऱ्हस्व.