पट्टा लागत नाही तेव्हा

प्रश्न : सर, नमस्कार. आमचं एकत्र कुटुंब फोंड्याचं. मे महिन्यात आम्ही सगळे गोव्याबाहेरच्या एका मनोरंजन पार्कात गेलो होतो. माझ्या थोरल्या जाऊबाई अंगाने भरलेल्या आहेत, पण फलकावर लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेत त्या बसतात. उन्हात रांग लावून एका राईडच्या आसनावर बसल्या, खांद्यावरून येणारा हार्नेस (शरीर धरून ठेवणारी कडक चौकट) खाली आला, पण त्याचा पट्टा काही लागेना. राईड चालवणाऱ्या दोन मुलांनी जोर लावून हार्नेस दाबला, तरी नाही. मग सगळ्यांदेखत "मॅडम, उतरा" म्हणाले. परतीच्या प्रवासात जाऊबाई कुणाशी बोलल्या नाहीत. आता दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी खोपोलीच्या इमॅजिका पार्कचा हट्ट धरलाय आणि जाऊबाई म्हणतात, "तुम्ही जा, मी घर बघते." वजन मर्यादेत असताना का उतरवलं? विमानात पट्टा लांब करायला जोडपट्टा देतात, तसा इथे का देत नाहीत? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : ताई, आधी जाऊबाईंना एवढं सांगा की त्यांना उतरवलं ते योग्य झालं, पण ज्या रीतीने उतरवलं ती रीत अत्यंत चुकीची होती. पहिल्यात त्यांचा दोष नाही आणि दुसऱ्यात तर मुळीच नाही.

वजनाचा आकडा फलकावर लिहायला सोपा असतो, म्हणून पार्कवाले तो लिहितात. हार्नेसला मात्र वजन कळत नाही, त्याला घेर कळतो. एकाच वजनाच्या तीन बायका घ्या. एक उंच, एकीचं वजन मांड्या-कमरेत, एकीचं छाती-पोटात. खांद्यावरून येणारा हार्नेस पहिल्या दोघींना कदाचित सहज लागेल, तिसरीला अडेल. आणि मांड्यांवर येणारा आडवा दांडा, म्हणजे लॅप बार, असलेल्या राईडवर नेमका उलटा प्रकार होऊ शकतो. जिममध्ये छाती कमावलेले तरुणही हार्नेस न लागल्यामुळे उतरतात, पण त्यांच्याकडे कुणी टक लावून बघत नाही. तुमच्या जाऊबाईंकडे बघितलं गेलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता जोडपट्ट्याचं. विमानात तुम्हाला धरून ठेवतो तो पट्टाच. रोलर कोस्टरच्या हार्नेसवर धरायचं काम हार्नेस करतो. खालून येऊन त्यात अडकणारा छोटा पट्टा दोन कामांसाठी असतो : कुलूप चुकून सुटलंच तर दुसरा आधार म्हणून, आणि हार्नेस पुरेसा खाली आलाय की नाही हे दाखवणारं माप म्हणून. त्याची लांबी मुद्दाम ठरवलेली असते. तो लागला, तर हार्नेस आणि आसन यांच्यातली फट सुरक्षित आहे. नाही लागला, तर फट जास्त आहे. शिंप्याची टेप ताणली म्हणून कमरेचा घेर कमी होत नाही. जोडपट्टा दिला तर पट्टा लागेल, पण फट तेवढीच राहील आणि ती कुणाच्या लक्षातही येणार नाही.

ही फट किती महत्त्वाची, ते मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्लँडोत दिसलं. उंच मनोऱ्यावरून सरळ खाली सोडणारी राईड होती. १४ वर्षांचा एक मुलगा, अंगाने मोठा, वजन निर्मात्याने दिलेल्या मर्यादेपेक्षा बरंच जास्त. त्याच्या आसनाचा सेन्सर हाताने असा बदललेला होता की हार्नेस नेहमीपेक्षा कितीतरी जास्त उघडा असतानाही 'सुरक्षित'चा दिवा लागला. त्या राईडला वेगळा पट्टा नव्हता. आसनं खाली येऊन ब्रेक लागला तेव्हा मुलगा आसनातून निसटला आणि गेला. हे वाचून मला आजही राग येतो. त्या मुलाला कुणीतरी आधीच, नीट बोलून, खाली नमुन्यासाठी ठेवलेल्या आसनात बसवून बघायला हवं होतं. पुढच्या वर्षी फ्लोरिडाने अशा राईडचे कायदे कडक केले, तो मनोराही पाडला गेला.

म्हणून ऑपरेटर मुलांनी हार्नेस जोराने दाबणं हा प्रकार तर मुळीच चालू देऊ नका. पोट, छाती हे मऊ भाग दाबले जातात, श्वास सोडलेल्या क्षणी पट्टा कसाबसा लागतो, आणि राईड चालू झाल्यावर शरीर सरकलं की धरण्याची जागा बदलते. शरीराला घट्ट धरायचं ते हाडांच्या आधाराने : मांड्यांचा वरचा भाग, कंबर, खांदे. बसताना पाठ आणि नितंब आसनाला पूर्ण टेकवायचे, सरळ बसायचं, पुढे सरकून बसायचं नाही. लॅप बार असेल तर पोट दांड्याच्या वर घ्यावं आणि दांडा मांडीवर येऊ द्यावा. मागे टेकलेले नसल्यानेही कधी कधी पट्टा लागत नाही, तेव्हा ऑपरेटरला एकदा शांतपणे पुन्हा बसू द्यायला सांगा. तरीही नाही लागला, तर उतरणं हाच एकमेव शहाणपणा.

इमॅजिकाबद्दल. तिथला नायट्रो हा फ्लोअरलेस कोस्टर आहे : पायाखाली फळी नाही, पाय लोंबकळतात, खांद्यावरून हार्नेस येतो. जाऊबाईंना गेल्या वेळी जो प्रकार अडला, तोच हा. जाण्याआधी पार्कला ई-मेल करा आणि वजन नव्हे, छातीचा घेर विचारा. कुठल्या राईडला लॅप बार, कुठल्याला हार्नेस, हेही विचारा. जगात काही कोस्टरवर ठराविक आसनांना लांब किंवा दोन पट्टे दिलेले असतात, म्हणजे ती आसनं मुळातच मोठ्या शरीरासाठी घडवलेली असतात. हा जोडपट्टा नव्हे. अशी आसनं कुठल्या रांगेत आहेत, हे विचारायला संकोच करू नका. लेखी उत्तर आलं तर त्याची प्रिंट सोबत ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाचणीचं आसन. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलमध्ये २०१० साली एक नवी राईड उघडली, तेव्हा मोठ्या शरीराच्या बऱ्याच लोकांना रांगेच्या टोकावरून परत जावं लागलं. पार्कने मग काही आसनांत बदल केले आणि रांगेच्या सुरुवातीलाच तसंच आसन ठेवलं, ज्यात बसून प्रत्येकाने आधीच बघून घ्यावं. एक आसन, एक पट्टा, आडोसा असेल तर उत्तम. याला खर्च तो किती? आपल्याकडच्या प्रत्येक पार्कने हे करावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे. तुमच्यासारख्या वाचकांनी पत्रं पाठवली तर ते होईल.

जाऊबाईंना घरी ठेवू नका. त्यांना आधी विचारा, त्यांना कुठली राईड हवी. पाण्यातल्या राईड, सपाट फिरणाऱ्या राईड, शो, असं बरंच काही त्यांच्यासाठी आहे.

प्रश्न : सर, बोडगेश्वराच्या जत्रेला आम्ही दर वर्षी जातो. कोलंबस बोटीत माझा ९ वर्षांचा हडकुळा मुलगा त्याच्या बाबांशेजारी बसतो. दांडा बाबांच्या पोटाला टेकतो आणि मुलाच्या पुढे वीतभर जागा राहते. घाबरायचं कारण आहे का? शिवाय जायंट व्हीलवाला आम्हाला एका वेळी एकाच पाळण्यात बसवून पुढचा पाळणा रिकामा सोडतो, असं का? (एक आई, म्हापसा)

उत्तर : पहिल्याचं उत्तर : हो, नक्कीच आहे. तुम्ही ते पाहिलंत, याबद्दल तुमचं कौतुक. एकच दांडा दोघांवर येतो तेव्हा तो जाड माणसापाशी थांबतो, बारक्यासाठी तो जणू नसतोच. बोट वर जाऊन थबकते त्या क्षणी शरीर आसनावरून उचललं जातं, आणि बारकं मूल दांड्याखालून घसरू शकतं. उंचीच्या पट्टीत मूल बसतं म्हणून ते सुरक्षित आहे असं समजू नका. मुलाला त्याच्याच बांध्याच्या भावंडाशेजारी बसवा आणि दांडा त्याच्या मांडीला टेकतो का, ते स्वतः हाताने चाचपा. टोकाच्या रांगेऐवजी मधली रांग घ्या, तिथे उचल कमी असते. नाही टेकला, तर खाजे घेऊन घरी. पाळणेवाला 'काही होत नाही' म्हणाला तरी.

चाकाचं कारण वेगळं. जायंट व्हीलवर वजन एका बाजूला साठलं तर मोटरला आणि ब्रेकला ते ओढावं-अडवावं लागतं, थांबवताना चाक घसरू शकतं. म्हणून शहाणा पाळणेवाला समोरासमोर वाटून बसवतो. तो तुमची जाडी मोजत नाही, चाक सावरतो. असा माणूस भेटला तर त्याच्या पाळण्यात निर्धास्त बसा.

वजनाचं वाटप किती जीवघेणं ठरू शकतं, त्याचं एक उदाहरण सांगतो. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरातल्या एका प्रचंड उंच वॉटर स्लाईडवर तिघांचा तराफा हवेत उडाला आणि समोर बसलेला १० वर्षांचा मुलगा गेला. तिघांचं एकूण वजन ठरवलेल्या मर्यादेत होतं, पण सगळ्यात हलका पुढे आणि जड माणसं मागे, अशी ती जोडणी होती. एकूण आकडा बरोबर असूनही शरीरांची मांडणी चुकीची होती. आपल्याकडे वॉटर पार्कमध्ये ट्यूबवर बसवणारा जीवरक्षक "बाबा मागे, मुलगा पुढे" असं ठरवतो तेव्हा कारण विचारा. ज्याला काम येतं, तो कारण सांगतो.

प्रश्न : माझ्या आईला (वजन ४२ किलो) कळंगुटला पॅरासेलिंगसाठी एकटीला जाऊ दिलं नाही, म्हणे कुणी सोबत घ्या. ही पैसे काढायची युक्ती का? (म. ना., पर्वरी)

उत्तर : नाही. वारा जोरात असताना हलक्या माणसाला पॅराशूटची छत्री वर ओढते आणि खाली उतरवणं अवघड जातं. सोबत दुसरं माणूस घेतलं की वजन जुळतं. वारा मंद असेल तर एकटीलाही नेतील, पण ते ठरवायचं बोटीवरच्या माणसाने. मात्र हार्नेसचे मांडीवरचे पट्टे तिच्या मापाला आवळले आहेत का, हे बोट सुटायच्या आधी तुम्ही स्वतः बघा. बारीक मांडीवर पट्ट्याची दोन बोटं फटही जास्त होते.