निवडणुकीवर गटाचं सादरीकरण करताय?
पाच जणांत विषय वाटताना 'इतिहास, महत्त्व, समारोप' असे तुकडे पाडू नका; तिथेच वर्ग जांभया देतो. सुरुवात घरापासून, म्हणजे आपल्या मतदारसंघापासून करा: उदाहरणार्थ, नाशिक लोकसभा मतदारसंघात सिन्नर, नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम, देवळाली आणि इगतपुरी अशा 6 विधानसभा जागा येतात. नेहमीची चूक म्हणजे महापालिकेची निवडणूकही भारत निवडणूक आयोगाच्या नावावर खपवणं. ती राज्य निवडणूक आयोग घेतो. मतदान यंत्र पुठ्ठ्याचं करा: बॅलट युनिटवर (मतदार बटण दाबतो तो भाग) 16 बटणं, शेवटच्या उमेदवाराखाली 'नोटा' (वरीलपैकी कोणीही नाही). व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची चिठ्ठी काचेआड 7 सेकंदच दिसते. तेवढे मोठ्याने मोजून दाखवा. मग ती खालच्या पेटीत पडते, मतदाराच्या हातात येत नाही. प्रश्न हमखास यावरच येतो. आणि स्लाइड वाचून दाखवायची नाही, बरं का!