अर्धवेळ नोकरी की मासिक मानधन?

नाशिकच्या पाथर्डी फाटा परिसरातून एका वाचक भगिनींनी सविस्तर पत्र लिहिले आहे. त्यांचे वय ३८, शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा, आणि अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात त्या जिग-फिक्श्चरचे (यंत्रकामात सुटा भाग नेमक्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनांचे) डिझाइन करतात. पगार ५४,००० रुपये आहे. गेले वर्षभर संध्याकाळी आणि रविवारी तीन लहान युनिटना ड्रॉइंग करून देऊन त्यांनी २,६४,००० रुपये मिळवले. आता कारखान्याने आठवड्यातून ३ दिवस येण्याचा आणि दरमहा २८,००० रुपये देण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. पतीच्या इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानातून महिन्याला सरासरी २५,००० रुपये येतात. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून ५५,००० जातात. शिल्लक १,४०,००० आहे. हा प्रस्ताव स्वीकारून उरलेल्या ३ दिवसांत स्वतःचे काम वाढवावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्रासोबत कारखान्याच्या प्रस्तावाच्या मसुद्याची प्रत जोडली, हे फार बरे केले, कारण माझे उत्तर त्यातील एका ओळीवर अवलंबून आहे. तुम्ही ज्याला अर्धवेळ नोकरी म्हणता, त्याला मसुद्यात ‘दरमहा मानधन रु. २८,०००, १० टक्के टीडीएस वजा करून’ असे म्हटले आहे. ही नोकरी नव्हे. पगारावर सरसकट १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर, कापला जात नाही. तो व्यावसायिक फीवर कापला जातो. म्हणजे कारखाना तुम्हाला कर्मचारी यादीतून काढून बाहेरचा सल्लागार करू पाहत आहे, आणि त्याच मसुद्यात सकाळी ९ ते ५.३० ही वेळ व बायोमेट्रिक हजेरीही मागत आहे. बंधने नोकराची आणि हक्क मात्र परक्याचे, ही मांडणी तुम्ही मान्य करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कराची चिंता तुम्ही तीनदा लिहिली आहे, म्हणून ती आधी बाजूला करू. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो आणि पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते. तुमच्या व्यवसायाला अनुमानित उत्पन्नाची योजना (जुन्या कायद्यातील कलम ४४एडीए) लागू होते; तीत जमा रकमेचा किमान निम्मा भाग नफा धरला जातो, प्रत्यक्ष नफा त्याहून जास्त असेल तर तो दाखवावा. आजची पूर्ण नोकरी, अर्धवेळ नोकरी किंवा मानधन, यांपैकी काहीही निवडले तरी तुमच्या आकड्यांवर कर लागत नाही. मानधनात कापलेले वर्षाचे ३३,६०० रुपये विवरणपत्र भरल्यावर परत मिळतील, पण तोपर्यंत ते तुमच्या हातात नसतील. जीएसटी नोंदणीची सेवांसाठीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, त्यामुळे तो प्रश्न आज नाही.

खरा फरक भविष्यनिर्वाह निधीत आहे. तुमच्या पासबुकात मालकाच्या १,८०० रुपयांपैकी ५५० निधीत आणि १,२५० पेन्शनच्या रकान्यात जमा होताना दिसतात. तुमची पेन्शनपात्र सेवा ८ वर्षे ४ महिने झाली आहे, आणि मासिक पेन्शनचा हक्क १० वर्षांच्या सेवेनंतर मिळतो. इतक्या जवळ येऊन मानधनावर गेलात, तर ही सेवा तिथेच थांबेल. पुढे कधी पुन्हा नोकरी धरली तरच ती पुढे मोजली जाईल. सदस्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारे, कमाल ७ लाखांपर्यंतचे विमासंरक्षणही थांबेल. घरात दुसरे ठरावीक उत्पन्न नसताना या गोष्टी किरकोळ नाहीत. तुम्ही कर्मचारी म्हणून राहिलात, तर २८,००० पगारावरही सध्याप्रमाणेच तुमचे १,८०० आणि मालकाचे १,८०० जमा होत राहू शकतात.

आता दराचे पाहू. तुम्ही वहीत प्रत्येक कामाचे तास लिहून ठेवता, ही सवय मला मनापासून आवडली. वर्षात ७३० तास आणि २,६४,००० रुपये, म्हणजे तासाला सुमारे ३६२ रुपये पडले. कारखान्याचे महिन्याला १३ दिवस म्हणजे १०४ तास धरले, तर २८,००० रुपयांत तासाला २६९ रुपये पडतात. निधी, मेडिक्लेम आणि भरपगारी रजा सोबत असतील तर हा दर ठीक आहे. त्या नसतील, तर तुमच्याच दराने हे मानधन ३७,६०० च्या घरात जायला हवे. कारखाना मानधनावरच अडून बसला, तर हाच आकडा मागा आणि हजेरीची अट काढायला सांगा.

उत्पन्न आजच्याइतके राहायचे, तर गेलेले २६,००० स्वतःच्या कामातून भरून काढावे लागतील, म्हणजे महिन्याला आणखी साधारण ७२ तासांचे बिल व्हायला हवे. मोकळे होणारे तास १०४ आहेत, त्यामुळे हिशेब कागदावर बसतो. परंतु तुमच्या तीन ग्राहकांपैकी एकाकडूनच निम्म्याहून अधिक काम येते, आणि त्याच्याकडची वाढ २०२७ च्या सिंहस्थासाठीच्या फॅब्रिकेशनमुळे आहे असे तुम्हीच लिहिता. ते काम सिंहस्थानंतर ओसरेल. वर्षातले दोन महिने तुम्हाला एक रुपयाही आला नव्हता. तशा महिन्यात अर्धवेळ पगाराचे हाती येणारे सुमारे २६,००० आणि दुकानाचे २५,००० मिळून ५१,००० होतात, आणि ४,००० कमी पडतात. ही तूट पेलण्यासारखी आहे, मात्र दुकानालाही त्याच महिन्यात मंदी आली तर नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की प्रस्ताव स्वीकारा, पण कर्मचारी म्हणूनच, आणि आजपासून चार महिन्यांनी. या चार महिन्यांत बाहेरच्या कामाचे येणारे सरासरी २२,००० जसेच्या तसे बाजूला ठेवलेत, तर शिल्लक २,२८,००० होईल आणि चार महिन्यांचा खर्च हाताशी राहील. याच काळात चौथा आणि पाचवा ग्राहक शोधा. नव्या पत्रात बाहेरचे काम करण्याची लेखी परवानगी घ्या, आणि कारखान्याच्या सॉफ्टवेअर लायसन्सवर घरचे एकही ड्रॉइंग करू नका; सॉफ्टवेअरचा स्वतःचा खर्च धंद्याच्या हिशेबात धरा.

सातपूरच्या ग्राहकाकडे पाच महिने अडकलेल्या ३८,००० रुपयांबद्दल: उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनाशुल्क आहे, ती याच आठवड्यात करा. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. जुन्या बिलासाठी मात्र त्यावर विसंबू नका, स्वतः जाऊन बसा आणि हप्त्याने का होईना, तारखा लिहून घ्या.

सासूबाईंचे नाव कारखान्याच्या समूह मेडिक्लेममध्ये आहे. अर्धवेळ कर्मचाऱ्यांना ते संरक्षण राहते का, हे मनुष्यबळ विभागाकडून लेखी विचारा. राहणार नसेल, तर मुदत संपण्याआधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज द्या, म्हणजे आधीच्या आजारांसाठीचा, कमाल ३ वर्षांचा प्रतीक्षाकाळ त्यांना ६८ व्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागणार नाही. हे उत्तर हाती आल्याशिवाय मसुद्यावर सही करू नका.