७३ की ६७ या भांडणात एवढ्यात पडू नकोस

हबल स्थिरांक, म्हणजे विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय तो आकडा, शिकायचाय ना (तो ७३ की ६७ यावरच सध्या वाद आहे), मग ते 'विश्वशास्त्र संकटात' टाइपचे व्हिडिओ जरा बाजूला ठेव आणि आधी सेफिड तारे (ज्यांची चमक ठरावीक दिवसांनी कमीजास्त होते ते) नीट समजून घे, सगळी गोम तिथेच आहे. १९१२ मध्ये हेन्रिएटा लेविटने छोट्या मॅजेलनी मेघातल्या (आपल्या शेजारची एक छोटी आकाशगंगा) अशा २५ ताऱ्यांवरून दाखवलं की ज्याची चमक कमीजास्त व्हायला जास्त दिवस लागतात तो तारा मुळातच जास्त तेजस्वी असतो, म्हणजे दिवस मोजले की खरं तेज कळलं आणि दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहिलं की अंतर निघालं.

पण ही मोजपट्टी आधी जुळवावी लागते आणि तिथेच भल्याभल्यांची दांडी उडालीये. हबलचं १९२९ चं उत्तर ५०० च्या आसपास होतं (एकक किमी प्रतिसेकंद प्रति मेगापार्सेक, मेगापार्सेक म्हणजे साधारण ३३ लाख प्रकाशवर्षं, नुसता आकडा लिहू नकोस प्लीज), मग १९५२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बाडेने सांगितलं की सेफिड दोन जातींचे आहेत, झालं, आकाशगंगांची अंतरं एका फटक्यात दुप्पट आणि हबलचा आकडा निम्मा!

आज सेफिड अधिक सुपरनोव्हा (स्फोट होणारे तारे) धरून ७३ येतं, प्लांक उपग्रहाने मोजलेल्या विश्वाच्या सुरुवातीच्या प्रकाशावरून ६७.४. माझं विचारशील तर लाल राक्षसी ताऱ्यांवरून अंतर मोजायची पद्धतही वाच, ती मधे ७० च्या जवळपास येते आणि तिच्याकडे उगाच दुर्लक्ष होतं.

आणि डेल्टा सेफाय हा सेफिड तारा स्वतः बघ, साडेपाच दिवसांच्या आतबाहेर त्याचा फेरा होतो, शेजारच्या झीटा आणि एप्सिलॉन ताऱ्यांशी तुलना करत रोज रात्री वहीत नोंद कर, दुर्बीणसुद्धा लागत नाही, फक्त अंधारी जागा बघ.