मुलं घरी स्वतःच करून खाऊ लागल्यापासून खर्च वाढलाय, काय करावं?

आमच्याकडे सोळा आणि चौदा वर्षांचे दोघं आहेत, त्यामुळे दुखणं ओळखीचं आहे. आधी पैसा नेमका कुठे जातो ते बघा. आपण उगाच गॅसला दोष देतो, 14.2 किलोचा सिलिंडर दोन-चार वेळच्या मॅगीने संपत नाही. आमची गळती निघाली चीज, बटर, मेयोनीज आणि तेलात. दोन बटाट्यांच्या फ्राइजसाठी कढईभर तेल, आणि उरलेलं थेट सिंकमध्ये! (पाइप तुंबला, त्याचा खर्च वेगळाच.)

मग किराण्यातून त्यांच्या 'एक्स्ट्रा' सामानाची रक्कम वेगळी काढून त्यांच्याच हातात दिली. संपली की पुढच्या महिन्यापर्यंत नाही. पहिल्यांदा दहा तारखेलाच खडखडाट झाला, बरीच कुरकुर ऐकली. दुसऱ्या महिन्यात थोरला दुकानात दोन पाकिटांचे भाव ताडून बघत होता.

मळलेली कणीक, उकडलेले बटाटे, मोड आलेले मूग, इडलीचं पीठ मात्र फ्रीजमध्ये कायम ठेवा आणि त्याचा हिशेब मागू नका. भूक लागली की पोरं समोर दिसेल तेच करतात. इंडक्शन वापरत असतील तर एवढं सांगून ठेवा: 2000 वॅटवर अर्धा तास म्हणजे एक युनिट.